पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

नोव्हेंबर लागला की इंग्लंडात दुपारी चार वाजताच दिवे लावायची वेळ येते. बाहेर पाऊस, मैदानं चिखलानं भरलेली आणि मुलं घरात. अशा दिवसांत जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून प्लॅस्टिकची विमानं आणि रणगाडे जोडायचा नाद या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकांत इथे आले, त्यांच्या मुलांनी वूलवर्थ्समधून एअरफिक्सची पाकिटं आणून हा नाद उचलला. वूलवर्थ्सची दुकानं जानेवारी २००९ मध्ये बंद झाली, पण एअरफिक्सचे खोके अजून मिळतात, आणि आता नातवंडांची पाळी आहे.

बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. वाढदिवसाला खोका येतो, एका दुपारी भाग जोडले जातात, दुसऱ्या दुपारी हिरवा रंग फासला जातो आणि रणगाडा खिडकीत जाऊन बसतो. खऱ्या रणगाड्याचा फोटो शेजारी धरला की काहीतरी खटकतंय हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. नेमकं काय खटकतंय, ते मात्र सांगता येत नाही. ते सांगायचा आणि दुरुस्त करायचा हा प्रयत्न. आम्ही म्हणजे या नादाला लागलेले आपल्यातलेच काही आईबाप आणि एक-दोन आजोबा. कारागिरीचा दावा नाही, पण हात बरेच चिकट करून घेतले आहेत.

रणगाडा कोणता?

उदाहरणासाठी आम्ही सेंचुरियन घेतला, कारण तो दोन्हीकडचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी त्याची रचना केली. पहिले सहा नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोचले, तोवर लढाई संपली होती. पुढे लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात आणि इतरत्र मिळून असे चार हजारांवर रणगाडे तयार झाले. वजन सुमारे ५० टन, इंजिन रोल्स-रॉइसचं मीटिऑर, म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिनचंच भावंडं. भारतानं हे रणगाडे घेतले आणि १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत ते पंजाबच्या शेतांतून धावले.

त्यांतलीच एक रेजिमेंट म्हणजे पूना हॉर्स. पेशव्यांशी झालेल्या पुण्याच्या तहातून १८१७ साली उभी राहिलेली, म्हणून नावात पुणे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतर नदीच्या पलीकडे या रेजिमेंटचे सेंचुरियन आणि पाकिस्तानचे पॅटन समोरासमोर आले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल त्या लढाईत पडले. जन्म पुण्याचा, वय २१, लष्करात अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झालेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फमागुस्ता’.

टेबलावरचा आमचा सेंचुरियन हा त्या दिवशीचा, त्या नदीकाठचा. आधी दिवस आणि जागा ठरवली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पस्तिसाचा पाढा

रणगाड्यांच्या मॉडेलचं सर्वांत रुळलेलं प्रमाण १/३५. हा आकडा कुणी विचार करून काढलेला नाही. जपानच्या तामिया कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत बॅटरीचे सेल बसतील एवढा त्याचा आकार ठेवला. नंतर मोजून पाहिलं तर तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढचे रणगाडे त्याच मापात आले आणि जगानं ते माप उचललं. सेंचुरियन या प्रमाणात तैवानच्या एएफव्ही क्लबनं काढलेला आहे.

आता मुलांना गणिताला बसवा. खरा सेंचुरियन जवळजवळ ३.४ मीटर रुंद, म्हणजे मॉडेल ९.७ सेंटिमीटर. पाच फूट आठ इंचांचा जवान होतो ४.९ सेंटिमीटर. इथवर सोपं आहे. गोम पुढे आहे. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खरे ३५ मिलिमीटर. साच्यातून ओतलेला प्लॅस्टिकचा पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा फारसा पातळ करता येत नाही. म्हणजे चाकांवरचा साधा पत्र्याचा मडगार्ड मॉडेलवर साडेसतरा मिलिमीटर जाड होऊन बसतो. खरा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा असतो.

खटकतं ते हेच. मॉडेल खेळण्यासारखं दिसतं ते रंगामुळे नव्हे, जाडीमुळे. डिटेलिंग म्हणजे नवे भाग चिकटवत सुटणं, असा नवशिक्यांचा समज असतो. खरं म्हणजे पहिलं काम पातळ करण्याचं आहे. मडगार्डची कड आतल्या बाजूनं कानशीनं घासून पातळ करा. बाहेरून दिसते ती फक्त कड. तेवढ्या एका कामानं रणगाडा खेळण्यांच्या कपाटातून बाहेर येतो.

हत्यारं

हत्यारं फार लागत नाहीत, पण लागतात ती धड असावीत. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात. भाग तोडायला सपाट तोंडाचं छोटं कटर घ्या. हातानं पिळून तोडलेल्या भागाला खड्डा पडतो आणि तो भरण्यात संध्याकाळ जाते. टोकदार पात्याची मॉडेलची सुरी, बारीक कानशी, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, दोन चिमटे, आणि बोटांनी फिरवायचं हातड्रिल. त्यात ०.३ पासून १ मिलिमीटरपर्यंतच्या सुया बसतात. शिवाय दिव्यासकट मिळणारं भिंग. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्यात मान-अपमान बघू नये.

डिंक दोन प्रकारचे ठेवावेत. पातळ सिमेंट हा खरं तर डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. भाग आधी जुळवून धरावेत आणि ब्रशाचं टोक सांध्याला नुसतं टेकवावं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. धातूला मात्र ते धरत नाही, तिथे सुपरग्लू. तो नळीतून थेट कधीच लावू नये. दात कोरायच्या काडीच्या टोकावर राईएवढा थेंब घ्यावा.

एक सूचना आईबापांना. पाती आणि सुपरग्लू मोठ्यांच्या हातात राहू द्या, आणि सिमेंट किंवा रंग वापरताना थंडी असली तरी खिडकी उघडी ठेवा. रेझिनचे भाग घासायचे तर तोंडावर मास्क हवा आणि कागद ओला हवा. ती भुकटी फुप्फुसात जाता कामा नये.

एकतारी पाक आणि पोळीची कणीक

पहिला धडा मुलांना हटकून आवडतो. स्प्रूचा बोटभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून वरच्या अंगाला धरून गोल फिरवायचा. तो लोंबायला लागला की ज्योतीपासून दूर घेऊन दोन्ही टोकं ओढायची. पाकाची तार निघते तशी प्लॅस्टिकची तार निघते. सावकाश ओढलं तर जाड, झटक्यानं ओढलं तर केसासारखी. हीच आपली वायरलेसची एरियल. ज्योत अर्थातच मोठ्यांनी सांभाळायची.

त्याच तारेचा दुसरा उपयोग वेल्डिंगच्या रेघांसाठी. जिथे दोन जाड पत्रे जोडलेले असतात, तिथे बारीक तार ठेवून तिच्यावर सिमेंट सोडा. दोन मिनिटांत ती मऊ पडते. मग सुरीच्या पाठीनं जवळजवळ दाबत जा, करंजीच्या कडेला मुरड घालतो तसं. वाळल्यावर हुबेहूब वेल्डिंग दिसतं. सेंचुरियनचा वरचा बुरूज मात्र ओतीव पोलादाचा आहे आणि त्यावर छताचा सपाट पत्रा वेल्ड केलेला. तेव्हा बुरुजाच्या बाजू खरखरीत हव्यात आणि छत गुळगुळीत. बाजूंना पातळ पुट्टी लावून ती ओली असतानाच जुन्या राठ ब्रशानं ठोकत गेलं की ओतकामाची खरखर उमटते. छताला हात लावू नये. हा फरक पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

पकडायच्या कड्या प्लॅस्टिकच्या येतात, त्या पृष्ठभागाला चिकटलेल्या भरीव पट्ट्याच असतात. त्या सुरीनं तासून काढाव्यात, दोन्ही टोकांना ०.४ मिलिमीटरची भोकं पाडावीत आणि तांब्याची तितक्याच जाडीची तार वाकवून बसवावी. टेलिफोनच्या जुन्या वायरमध्ये अशी तार फुकट मिळते. पस्तिसानं गुणलं तर १४ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाची सळई. खऱ्या कडीची जाडी याच्याच आसपास असते. कडीखालून उजेड दिसायला लागला की मुलं मान्य करतात की हा खटाटोप वाया नाही.

तोफ बुरुजातून बाहेर येते तिथे सेंचुरियनला कॅनव्हासचं आवरण असतं. प्लॅस्टिकमध्ये ते दगडासारखं दिसतं. त्यासाठी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी घ्यावी. दोन्ही गोळे समान घेऊन कणकेसारखे मळायचे. पोळपाटावर पिठी भुरभुरतो तशी टाल्कम पावडर भुरभुरून काचेच्या बाटलीनं पातळ लाटायचं. घरातलं पोळपाट-लाटणं वापरू नये, कारण ही पुट्टी पोटात जाण्यासारखी नाही. लाटलेला तुकडा तोफेभोवती गुंडाळून ओल्या काडीनं चुण्या पाडाव्यात. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी घट्ट होते, पण दिसते कापडासारखी. गुंडाळलेली ताडपत्री हवी असेल तर त्याहून सोपं. टिश्यू पेपरचा एक पदर पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकात बुडवायचा, घडी घालायची आणि वाळू द्यायचा.

तरीही काही भाग धातूचेच हवेत, उदाहरणार्थ इंजिनवरच्या जाळ्या आणि दिव्यांचे पिंजरे. त्यासाठी पितळेचे पत्रे मिळतात. आम्लानं कोरलेले, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचे. ०.१५ ला पस्तिसानं गुणा, सव्वापाच मिलिमीटर येतात. प्लॅस्टिकच्या साडेसतराशी तुलना करा, मग पितळेचे पैसे का द्यायचे ते कळतं. वाकवण्यापूर्वी पितळ ज्योतीवर क्षणभर तापवून थंड केलं की मऊ पडतं. मग दोन पात्यांच्या मध्ये धरून घडी घालावी. पण खोक्यातले सगळे पितळी तुकडे लावलेच पाहिजेत असं नाही. गोल सळईच्या जागी चपटं पितळ लावलं तर उलट बिघडतं. तिथे तारच बरी.

रंग, आणि त्या सकाळचा चिखल

आता रंग. खऱ्या हिरव्या रंगाचा डबा तसाच मॉडेलला लावला तर तो काळपट दिसतो. आपण लांबून पाहतो तेव्हा मधल्या हवेमुळे रंग फिका झालेला असतो, म्हणून मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळावा. अस्तर, मग हिरवा, मग चमकदार व्हार्निशचा पातळ हात. अक्षरांच्या चिकटपट्ट्या, म्हणजे डेकल, याच टप्प्यावर लावाव्यात. खरखरीत पृष्ठभागावर लावल्या तर खाली हवा राहून चंदेरी दिसतात. भारतीय रेजिमेंटची नावं आणि नंबर खोक्यात बहुधा नसतात, ते घरी तयार करावे लागतात. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. तेव्हा पांढऱ्या डेकल-कागदावर अक्षरांभोवतीची हिरवी पार्श्वभूमी छापावी, नाहीतर घासून उमटवायची पांढरी अक्षरं आणावीत.

त्यानंतर ‘वॉश’. गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून ब्रशाचं टोक खाचेला टेकवायचं. रंग खाचेतून धावत जातो आणि प्रत्येक बोल्ट उठून दिसतो. मग उलट काम, ड्राय-ब्रश. फिका रंग ब्रशावर घेऊन कागदावर जवळजवळ सगळा पुसायचा आणि कोरड्या ब्रशानं फक्त कडा हलकेच झाडायच्या. बेल्जियमच्या फ्रांस्वा वेर्लिंडेन यांनी ऐंशीच्या दशकात ही जोडी जगभर लोकप्रिय केली. नंतर स्पॅनिश कारागिरांनी सुक्या रंगाच्या भुकट्या आणि टवके पाडायच्या नाना युक्त्या आणल्या. आज या सगळ्याच्या तयार बाटल्या मिळतात, आणि तिथेच मोह सुटतो. मुलं तर सोडाच, मोठी माणसंही रणगाड्याला गंजानं न्हाऊ घालतात.

आमच्या टेबलावर यासाठी एक नियम आहे. डाग पाडण्यापूर्वी तो का पडला ते मोठ्यानं सांगायचं. सांगता आलं नाही तर डाग नाही. रणगाड्यावर जवान समोरच्या मडगार्डवरून चढतात, म्हणून रंग तिथे आणि झाकणांच्या कडांना झिजतो. इंधनाच्या झाकणाभोवती तेल सांडतं. एक्झॉस्टवर काजळी आणि गंज दोन्ही असतात, कारण तिथला रंग उष्णतेनं जळतो. सपाट भागांवर धूळ बसते, उभ्या भागांवरून ती पाण्याबरोबर ओघळते. रोज वापरातला रणगाडा एरवी लाल गंजलेला नसतो. घासलेल्या कडीला शिसपेन्सिल घासली की उघड्या पोलादाची चमक येते, रंगही लागत नाही.

मग १६ डिसेंबरचा सेंचुरियन कसा असेल? पूना हॉर्सचे रणगाडे आदल्या रात्री सुरुंगपेरणीच्या पट्ट्यातून नदीपलीकडे गेलेले. म्हणजे चाकांच्या पट्ट्यांत आणि पोटाला ओला गडद चिखल, त्यावरच्या भागाला पंजाबी शेतांची फिकी भुरकट धूळ. चिखलासाठी पुट्टी, बारीक वाळू आणि रंग एकत्र कालवून जुन्या ब्रशानं खालून वर उडवावा, कारण चिखल उडतो तो खालून वर. धुळीसाठी खडूची पूड चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी आणि व्हाइट स्पिरिटच्या थेंबानं बसवावी. चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांपैकी एखादा काढून ठेवला तरी चालतो. असे पत्रे वापरात वाकत आणि गळत. मागे बांधलेल्या वळकट्या, पाण्याचा डबा, गुंडाळलेली जाळी. चार माणसं त्या लोखंडी पेटीत राहत होती, त्यांचा संसार दिसायला हवा.

आत कोण होतं?

इथवर आलं की मुलं तो प्रश्न विचारतातच. ‘आत कोण होतं? मग काय झालं?’ या प्रश्नाला बगल देऊ नये असं आमचं मत आहे. कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर, असे चौघे. खेतरपालांच्या रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, मागे फिरण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे म्हणून ते थांबले, आणि पुढच्या गोळ्यानं त्यांचा बळी घेतला.

आपल्या मुलांच्या वर्गात लाहोर-मीरपूरकडच्या घरांतली मुलंही असतात. त्यांचेही कुणी आजोबा पॅटनमध्ये असतील. म्हणून त्यांना आणि आपल्या मुलांना पुढची गोष्टही सांगावी. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्या घरी पाहुणे होते. यजमानांनी सारं अगत्य केलं आणि निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की बसंतरच्या लढाईत तुमच्या मुलाचा बळी माझ्या हातून गेला. ते त्या लढाईत १३ लान्सर्सचे स्क्वॉड्रन कमांडर होते. अरुणच्या शौर्याचा आदर त्यांनी तीस वर्षं मनात जपला होता. बापानं ते ऐकून घेतलं. वैर धरलं नाही.

जळता रणगाडा करायची पद्धत सर्वत्र आहे. कापसाचा धूर, काळा पडलेला रंग, फाटलेला पत्रा. तंत्र म्हणून ते अवघड नाही. आम्ही ते न करायचं ठरवलं आहे. मुलांच्या हातून आग रंगवून घेतली की ती मजेची होते. त्याऐवजी सकाळचा रणगाडा करायचा, सर्व माणसं जिवंत असतानाचा. आणि जमलं तर शेजारी त्याच प्रमाणातला पॅटनही, तितक्याच काळजीनं. त्याच्याही कड्या तारेच्या, त्याच्याही वळकट्या बांधलेल्या.

प्रत्यक्ष रणगाडा पाहायचा तर डॉर्सेटमध्ये बॉव्हिंग्टनचं टँक म्युझियम आहे. तिथे सेंचुरियनच्या मडगार्डची कड डोळ्यांनी पाहता येते. भारतात गेलात तर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. पुण्याहून दिवसभरात जाऊन येता येतं. मुलांच्या हातात वही द्या, बोल्ट मोजू द्या.

शेवटचं काम लाकडी बैठकीचं. मॉडेल बैठकीवर बसवलं की समोर एक पट्टी लावावी. तिच्यावर रणगाड्याच्या तोफेचं माप आणि इंजिनाची ताकद लिहायची प्रथा आहे. आमच्या मुलांनी तिथे लिहिलं आहे: बसंतर, १६ डिसेंबर १९७१, माणसं चार. मराठीत, आपल्या हातानं, ०.१ च्या पेननं. ‘बसंतर’मधला अनुस्वार दोनदा पुसून पुन्हा द्यावा लागला, एवढंच.